पेनाकाकूचा दोरा

भागीचं घोडं किवणानं मेलं म्हणतात, कारण सगळ्यांचं ते कुणाचंच नसतं. आमच्या संस्थेतलं भागीचं घोडं म्हणजे पेनाकाकू, आणि ती आजवर मेली नाही याचं सगळं श्रेय प्रोदानच्या तोंडाळपणाला आहे.

पेनाकाकू हे आमचं मोठं सेंट्रिफ्यूज. दिसायला कपडे धुण्याच्या यंत्रासारखं, पण दुप्पट बोजड, आणि वयानं संस्थेतल्या निम्म्या शास्त्रज्ञांपेक्षा मोठं. रोटर नावाच्या जड चाकात बसवलेल्या नळ्यांतला रस ती इतक्या वेगानं गरगरा फिरवते की जड असेल ते तळाला जातं आणि हलकं वर राहतं. त्या वेगाला हवासुद्धा आडवी येते, म्हणून फिरण्याआधी ती पोटातली सगळी हवा पंपानं ओढून बाहेर टाकते. तुंजा नदीकाठच्या आमच्या संस्थेत प्रयोगशाळा चार आणि काकू एक. मी आलुबुखाराच्या झाडांना होणाऱ्या शार्का रोगाचा विषाणू धरून बसले आहे, शेजारचा आस्पारुख द्राक्षाच्या दारूतलं यीस्ट, बाकीच्यांचं आणखी काही. सगळ्यांना काकू हवी, आणि सगळ्यांना ती आजच हवी.

प्रोदान वल्कोव हा तिचा रखवालदार. हुद्दा तंत्रज्ञाचा, मिशा सेनापतीच्या. काकूच्या खोलीची किल्ली तो गळ्यात घालतो आणि दारात उभं राहून प्रत्येकाची हजेरी घेतो. नळ्या समोरासमोर ठेवल्यास का? तागडीवर जोडीजोडीनं तोलल्यास का? झाल्यावर रोटर पुसणार कोण, तुझी सासू? एकदा आस्पारुख रोटर न पुसताच निघून गेला, तर दुसऱ्या दिवशी भर जेवणाच्या खोलीत प्रोदान त्याला म्हणाला, "डॉक्टर, काकूच्या तोंडाला तुमच्या दारूचा वास येतोय. म्हातारी बाई आहे, लोक काय म्हणतील तिला?" आस्पारुख हसला, सगळे हसले, आणि त्यानं रोटर पुसला. पुढच्या वेळी पुन्हा विसरला, ती गोष्ट वेगळी.

मला प्रोदानचा राग यायचा, खोटं कशाला बोलू. डॉक्टरेट होऊन केस पांढरे झाले तरी हा माणूस मला नळ्या तोलायला शिकवतो. पण तरुणपणी तो जिथं काम करायचा तिथं एका घाईच्या माणसानं नळ्या नीट न तोलता यंत्र चालू केलं होतं. रोटर सुटला, झाकण फोडून बाहेर आला आणि भिंतीत रुतून बसला. माणूस सिगारेट ओढायला बाहेर गेला होता म्हणून वाचला. हे प्रोदान कधी हसत सांगत नाही. म्हणून मीही त्याचं ऐकून घेते आणि बडबड मनातल्या मनात करते.

खरी पंचाईत मार्च महिन्यात. पहिल्या तारखेला सकाळी आमच्याकडे जो भेटेल तो दुसऱ्याच्या मनगटाला लाल-पांढरा दोरा बांधतो, मार्तेनित्सा. मार्ता आजी म्हणजे हा मार्च महिना, लहरी बाई, हसली तर ऊन आणि रुसली तर बर्फ. तिनं वर्षभर आपल्याला धडधाकट ठेवावं म्हणून हा दोरा. तो मध्येच काढायचा नाही. करकोचा दिसला किंवा झाड फुललेलं दिसलं की काढून झाडाला बांधायचा. आमच्या संस्थेत फूल चालत नाही, कारण काचघरात काही ना काही जानेवारीतही फुललेलं असतं आणि मग लोक दुसऱ्याच दिवशी हात मोकळे करून बसतात. आमच्यात करकोचाच लागतो.

आता गरगर फिरणाऱ्या यंत्राजवळ मनगटाला लोंबते दोरे म्हणजे दुखणं विकत घेणं. म्हणून प्रोदाननं मार्चपुरता वेगळा नियम केला होता आणि दारावर मोठ्या अक्षरांत लावला होता. दोऱ्यावरून रबरी हातमोजा कोपरापर्यंत ओढायचा, त्यावर चिकटपट्टी, मगच आत. आणि ज्याचा दोरा काकूजवळ सापडेल, त्याची त्या दिवशीची पाळी गेली, ती मागच्याला. शिवाय करकोचा दिसेपर्यंत त्या माणसानं उंबरठा ओलांडायचा नाही. करकोचा कधी येईल ते करकोच्यालाच ठाऊक. एखाद्या वर्षी महिना उलटून जातो.

तर त्या पहिल्या मार्चला सकाळी माझी विद्यार्थिनी रालित्सा गात गात आली. ही पोर म्हणजे दोऱ्यांचं दुकान. तिच्या स्वतःच्या दोन्ही मनगटांवर मिळून इतके दोरे होते की बाही खाली उतरेना. पिशवीत आणखी गुंडाळे होतेच. फाटकावरच्या म्हाताऱ्याच्या सायकलला एक बांधला, संस्थेच्या मांजराला एक, माझ्या टेबलावरच्या दिव्याला एक, आणि आस्पारुखच्या तांब्याच्या कॉफीच्या भांड्याच्या दांड्याला एक.

"अगं, तो जळेल," मी म्हणाले.

"जळला तर जळला, बाई. कॉफीला नजर लागणार नाही."

गात होती तरी दर दोन मिनिटांनी घड्याळाकडे बघत होती, ते मला दिसत होतं. गेली तीन वर्षं ती शार्काच्या एका वेगळ्याच विषाणूमागे होती. तो एका खेड्यातल्या एकाच जुन्या बागेत सापडला होता, आणि ती बाग शरद ऋतूत रोगट म्हणून उपटून जाळून टाकली. योग्यच केलं, मीच तशी शिफारस लिहिली होती. विषाणू उरला होता तो काचघरातल्या मूठभर रोपांत, आणि ती रोपंही माना टाकायला लागली होती. त्या सकाळी रालित्सानं सगळी पानं खुडली, वाटली, गाळली. बर्फात ठेवलेल्या त्या हिरव्या रसात तिचा सगळा प्रबंध होता. रस त्याच दिवशी काकूत फिरला तर विषाणू शुद्ध होऊन हाती लागणार. नाही फिरला तर उद्यापर्यंत त्याचे तुकडे झालेले असणार आणि पुन्हा मिळवायला ना बाग ना रोप.

फळ्यावर काकूची सकाळची पाळी तिची होती. तिच्यामागे आस्पारुख.

प्रोदान त्या दिवशी दाढ काढायला दंतवैद्याकडे गेला होता. जाण्याआधी भल्या पहाटे येऊन त्यानं काकूला पुसलं, पंप तपासला आणि किल्ली माझ्या हातात ठेवली. गाल भोपळ्यासारखा सुजला होता.

"वेवा, झाकण आपटायचं नाही. नळ्या तोला. आणि पूर्ण वेग घेऊन ती स्थिर होईपर्यंत तिला सोडून हलू नका."

"प्रोदान, जा. दाढ काढून ये."

"आणि भोंगा वाजला तर झाकणाला कुणी हात लावायचा नाही. मला बोलवा."

"दंतवैद्याच्या खुर्चीतून?"

"खुर्चीतून," तो म्हणाला आणि गेला.

रालित्सानं सगळं शिस्तीत केलं, मी उभं राहून पाहिलं. हातमोजे कोपरापर्यंत, चिकटपट्टी दोन वेढे. नळ्या तागडीवर जोडीजोडीनं तोलल्या, एकीत थेंब जास्त होता तो काढला. रोटर दोन्ही हातांनी अलगद आत ठेवला, तान्ह्या मुलाला पाळण्यात ठेवावं तसा. झाकण लावलं, बटण दाबलं. पंप घुरघुरला, हवेचा काटा खाली यायला लागला. अर्ध्यावर आला आणि अडला. मग भोंगा.

पुन्हा बटण दाबलं. पुन्हा काटा अर्ध्यावर, पुन्हा भोंगा. हवा कुठून तरी आत शिरत होती.

मी विजेरी घेऊन काकूच्या मागं गेले. भिंत आणि यंत्र यांच्यामध्ये जेमतेम डोकं शिरतं. झाकणाच्या मागच्या कडेला, जिथं ते रबरी कड्यावर टेकतं, तिथं फटीतून लोकरीचे चार धागे बाहेर आले होते. काही लाल, काही पांढरे.

"काय आहे, बाई?" रालित्सानं विचारलं.

मी सांगितलं. तिच्या तोंडावरचा रंगच उडाला.

त्याच वेळी आस्पारुख त्याच्या नळ्यांचा ट्रे घेऊन दारात आला. हा माणूस वाईट नाही, पण उचलली जीभ लावली टाळ्याला. त्यानं भोंगा ऐकला, माझ्या हातातली विजेरी पाहिली, वाकून फटीत पाहिलं आणि सरळ झाला.

"बरं," तो म्हणाला, "म्हणजे पाळी माझी."

"कशी काय तुझी?" मी म्हणाले.

"ताई, नियम दारावर आहे. मी लिहिलेला नाही. ज्याचा दोरा त्याची पाळी गेली."

"माझा नाहीये तो," रालित्सा म्हणाली.

"मग कोणाचा? सकाळपासून संस्थेत दोरे बांधत कोण हिंडतंय? माझ्या कॉफीच्या भांड्याला सोडलं नाहीस. कॉफीतून जळक्या मेंढीचा वास आला."

"भांड्याला बांधला, मांजराला बांधला, सायकलला बांधला. काकूला नाही बांधला. मला वाचता येतं, डॉक्टर. दारावर लिहिलंय."

"तुझ्या मनगटावरचा एखादा पडला असेल."

"पट्टी आहे वर. बघा." तिनं दोन्ही हात पुढे केले. "सुटली आहे का कुठं?"

"पट्टी लावण्याआधी पडला असेल. किती बांधलेत ते तुला तरी आठवतंय का?"

तिला आठवत नव्हतं. तिनं माझ्याकडे पाहिलं. मला ती खोटं बोलेल असं कधीच वाटलं नसतं, पण हातून चुकलं नसेल असं छातीठोकपणे सांगायला जीभ उचलेना, आणि ते तिला माझ्या तोंडावर दिसलं. तिचे डोळे भरून आले.

"आस्पारुख, तुझं यीस्ट उद्यापर्यंत थांबेल," मी म्हणाले. "हिचं थांबणार नाही. हिच्याकडे दुसरं नाहीच."

"थांबेल असं तुम्ही म्हणता, ताई. मी महिनाभर फळ्यावर नाव लावून बसलोय. दर वेळी कुणाचं तरी थांबणारं नसतं." हेही खरंच होतं. "प्रोदानला येऊ दे. तो म्हणेल ते मला मान्य."

"मलाही," रालित्सा म्हणाली आणि भिंतीला टेकून जमिनीवरच बसली. काकूच्या पोटात गारवा चालू होता म्हणून रसाला तासा-दोन तासांची निश्चिंती होती. त्यापुढची नव्हती.

प्रोदान काय म्हणणार हे मला चांगलं माहीत होतं. मागं संचालकांच्या पाहुण्याला त्यानं गळ्यातल्या टायमुळे दारातून परत पाठवलं होतं. या पोरीला तो करकोचा येईपर्यंत उंबरठा ओलांडू देणार नव्हता, आणि तिची तीन वर्षं मोरीत ओतावी लागणार होती. मी मनातल्या मनात त्याच्याशी भांडण सुरू केलं आणि त्यात हरतही गेले, कारण नियम बरोबर होता. आज हवा शिरली म्हणून नुसता भोंगा वाजला. हाच धागा आत पडून रोटरखाली गेला असता तर काय, ते प्रोदाननं भिंतीत रुतलेलं पाहिलं आहे.

तो आला तेव्हा अर्धा चेहरा गळून खाली आल्यासारखा दिसत होता. दाढ निघाली होती, पण सुईचा बधिरपणा उतरला नव्हता. ओठाचा एक कोपरा आपल्या मर्जीनं लोंबत होता आणि शब्द निम्मे गालातच राहत होते.

"काअ यालं?"

आस्पारुखनं सांगितलं, मी सांगितलं, दोघांनी एकदम सांगितलं. रालित्सा उठून उभी राहिली. प्रोदाननं हातमोजे चढवले, आत गेला, आधी हवेची झडप सोडली, थांबला, मग झाकण हळूच वर केलं आणि मागं हात घालून काहीतरी सोडवलं. बराच वेळ त्याची पाठच आमच्याकडे होती.

"सापडला?" आस्पारुखनं विचारलं.

प्रोदान वळला. त्याच्या तळहातावर दोरा नव्हताच. एक लाल लोकरीची बाहुली होती, बोटाएवढी, कमरेला पांढरा धागा, घागऱ्याचा एक कोपरा रबरात चेंगरून विस्कटलेला. या बाहुल्या जोडीनं करतात, लाल ती बाई आणि पांढरा तो बुवा.

"बघा," आस्पारुख म्हणाला, "दोरा नाही तर बाहुली. तेच ते."

प्रोदाननं रालित्साकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांकडे, गालांवरच्या ओघळांकडे, पट्टी लावलेल्या हातांकडे. मग बाहुलीकडे.

"माया ए," तो म्हणाला.

"काय?" आस्पारुख म्हणाला.

"माया ए."

"माया आहे? कसली माया, प्रोदानदादा? नियमाचं बोला. पाळी कोणाची?"

प्रोदाननं कपाळाला हात लावला. पुन्हा तोंड उघडलं, ओठ बोटांनी धरून जागेवर आणायचा प्रयत्न केला, आणि पुन्हा तेच बाहेर आलं. "माया. ओआ. माया ए."

आस्पारुख माझ्याकडे वळला. "दाढेबरोबर डोकंही काढलं का याचं?"

तेव्हा प्रोदाननं निळ्या कोटाची कड उलटी केली. आतल्या बाजूला, कुणाला दिसणार नाही अशा जागी, टाचणीनं लावलेला एक पांढरा लोकरीचा बाहुला होता. तोच धागा, तसाच कमरेला वेढा, जोडीतला दुसरा. त्यानं लाल बाहुली त्याच्याशेजारी धरली आणि मग बोट स्वतःच्या छातीवर ठेवलं.

दोरा माझा आहे. एवढंच तो सांगत होता, आणि बधिर ओठांतून 'झ' निघत नव्हता.

मग आस्पारुखला हसू फुटलं, मग मला, आणि रालित्साला रडता रडता उचकी लागली. प्रोदान मात्र हसला नाही. त्यानं बाहुली खिशात टाकली, रालित्साजवळ गेला आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"ऊ नाई, पोई. मी," तो म्हणाला. तू नाही, पोरी. मी.

मग तो उंबरठ्याबाहेर जाऊन उभा राहिला.

"अरे, कुठं चाललास?" मी विचारलं.

त्यानं दारावरच्या कागदाकडे बोट केलं.

"प्रोदान, वेड लागलंय का? तूच बाहेर बसलास तर काकूला कोण बघणार?"

"निअम ए."

"तुझाच नियम आहे, तूच सूट दे."

यावर त्यानं माझ्याकडे असं पाहिलं की माझी मलाच लाज वाटली. भल्याभल्यांना मी पाहिलंय. नियम करतात ते दुसऱ्यांसाठी, आणि आपल्यावर वेळ आली की त्यातल्या पळवाटा त्यांना तोंडपाठ असतात. हा माणूस गळ्यात किल्ली घालून वर्षानुवर्षं सगळ्यांना छळत आला, आणि त्या दिवशी त्याला कुणी पकडलेलंसुद्धा नव्हतं. बाहुली मुठीत झाकून 'दोरा होता' म्हणाला असता तरी चाललं असतं. बघणारा कोण होता?

बाहेरचा बोळ आणि काकूची खोली यांच्यामध्ये एक मोठी काच आहे. प्रोदान काचेच्या पलीकडे उभा राहिला आणि रबरी कडं कसं साफ करायचं ते रालित्साला हातवाऱ्यांनी सांगायला लागला. स्पिरिटचं फडकं, एकाच दिशेनं, घासायचं नाही, टिपायचं. मग ग्रीस, मसुराएवढं. तिनं हरभऱ्याएवढं घेतलं तर काचेवर अशी थाप पडली की मांजर पळालं. मग तिनं बोट फिरवून कडं तपासलं, एकही धागा उरला नव्हता. झाकण, बटण, पंप. काटा खाली आला, अर्ध्यावर आला, आणि थांबला नाही.

काकू गुणगुणायला लागली. मी आजवर तो आवाज कधी लक्ष देऊन ऐकला नव्हता.

"मग पाळी तिचीच," आस्पारुख म्हणाला. "नियम म्हणजे नियम." त्यानं आपला ट्रे उचलला, दारात थांबला आणि म्हणाला, "चोर सोडून संन्याशाला फाशी देत होतो मी. रालित्सा, कॉफी पिणार का? मेंढीचा वास आता कमी झालाय." नंतर त्यानं बोळात प्रोदानसाठी खुर्चीही आणून ठेवली.

दुसऱ्या दिवशी प्रोदानचं तोंड ताळ्यावर आलं. तो बायकोनं केलेल्या बानित्साचं, म्हणजे चीज भरलेल्या पापुद्र्याच्या पोळीचं, मोठं तबक घेऊन आला, अजून गरम, आणि बोळातल्या खुर्चीवर बसून सगळ्यांना वाटायला लागला. आमच्यात मोटार घेतली, मूल झालं, बढती मिळाली की लोकांना काहीतरी खायला वाटतात. चूक केल्याबद्दल वाटणारा मी पहिल्यांदाच पाहिला. मी त्याच्याशेजारी जाऊन बसले.

"सांग आता. का बांधलीस?"

तो तबकातले कण बोटानं गोळा करत राहिला. "संचालक म्हणाले, आता हिचे सुटे भाग मिळत नाहीत. एकदा बंद पडली की भंगारात." मग जरा वेळानं, "माणसाला बांधतात, कोकराला बांधतात, झाडाला बांधतात. हिला कधी कुणी बांधलीच नाही, वेवा. वर्षभर सगळ्यांचं करते. मी म्हटलं, झाकणाच्या मागं, बाहेरच्या बाजूला, कुणाला दिसणार नाही. मार्ता आजीला दिसली म्हणजे झालं."

"झाकण उचललं की मागची बाजू आत फिरते, हे तुला माहीत नव्हतं?"

"दाढ दुखत होती. आणि मला वाटलं..." तो थांबला. "मला काय वाटलं ते सोड. प्रेमानं मारली असती मी तिला."

"पोरीलाही."

"पोरीला आधी," तो म्हणाला. "म्हणून तर बाहेर बसलोय."

त्या संध्याकाळपर्यंत सगळ्या संस्थेला कळलं होतं की रालित्साच्या नळीत, उजेडासमोर धरली की, निळसर पांढरी रेघ दिसते. केसाएवढी बारीक, पण दिसते. तीन वर्षं त्या एका रेघेसाठी होती. तिनं ती नळी आधी मला दाखवली आणि मग काचेपाशी नेऊन प्रोदानला. त्यानं चष्मा लावला, काढला, पुन्हा लावला.

मग सुरू झाला प्रोदानचा वनवास. किल्ली माझ्याकडे होती, पण मी ती रालित्साच्या गळ्यात घातली, कारण पहाटे येणं मला जमत नाही. प्रोदान रोज वेळेवर यायचा, खुर्चीत बसायचा आणि काचेतून कारभार बघायचा. बोळात त्याचा आवाज पूर्वीपेक्षा मोठा झाला, कारण काच जाड होती. "ती कोपऱ्यातली नळी बघ! डॉक्टर, पुसलंत का? नाही, पुसल्यासारखं केलंत!" आस्पारुख एकदा रोटर तसाच ठेवून निघाला होता. वळून बघतो तर काचेला चिकटलेल्या मिशा आणि वर दोन डोळे. तो निमूट परत गेला आणि पुसला. दुसऱ्यांदा काचेपाशी कुणीच नव्हतं, प्रोदान जेवायला गेला होता. तरी त्यानं पुसला. मी पाहिलं, बोलले नाही. असल्या वेळी बोललं की माणूस बिघडतो.

मार्ता आजी त्या वर्षी फारच रुसली होती. सकाळी ऊन, दुपारी गारा. नदीकाठच्या कुरणात पाणी साठलं, बेडूक ओरडायला लागले, पण करकोच्याचा पत्ता नाही. फाटकावरचा म्हातारा म्हणायचा शेजारच्या गावात दिसला, पण दुसऱ्याच्या डोळ्यांनी पाहिलेला आमच्यात चालत नाही. प्रोदानची खुर्ची बोळातून हळूहळू अंगणाकडच्या खिडकीपाशी सरकली. तो एका डोळ्यानं काकूकडे आणि एका डोळ्यानं आभाळाकडे बघत बसायचा. मला त्याची दया यायला लागली होती, आणि दया आल्याचा रागही.

आणि मग एका दुपारी काचेवर थापा पडल्या. मी खोलीतच होते. रालित्सानं नुकतीच काकू चालू केली होती, वेग चढत होता. मला वाटलं काहीतरी बिघडलं. प्रोदान काचेपलीकडे दोन्ही हात पसरून फडफडवत होता.

"काकाला झटका आला की काय?" रालित्सा म्हणाली.

"करकोचा!" तो ओरडत होता. "करकोचा आला!"

सगळी संस्था अंगणात धावली. आस्पारुख एका पायात चप्पल घालून. दारापर्यंत मीही गेले, मग वळून पाहिलं. रालित्सा जागची हलली नव्हती. तिची नजर वेगाच्या काट्यावर होती आणि ओठ दातांत धरला होता.

"अगं, जा ना," मी म्हणाले.

"अजून स्थिर झाली नाही, बाई."

"मी थांबते."

"चालू मी केलीय."

दारात प्रोदान उभा होता. उंबरठ्याच्या बाहेर, पायाची बोटं बरोब्बर रेघेवर.

"मी पाहिला," तो म्हणाला. "माझ्या डोळ्यांनी. कुरणात बेडूक खातोय. आता येऊ का आत?"

रालित्सानं काट्यावरची नजर न हलवता म्हटलं, "हात दाखवा, काका."

त्यानं दोन्ही बाह्या वर केल्या. मनगटं मोकळी.

"कोटाची कड."

प्रोदाननं कड उलटी केली. पांढरा बाहुला तिथंच होता.

"तो बाईंकडे द्या. मग या."

एवढा मोठा माणूस, पण त्यानं निमूट टाचणी काढली, खिशातली लाल बाहुलीही काढली आणि जोडी माझ्या हातात ठेवली. मग उंबरठा ओलांडला. काकूजवळ जाऊन मान जरा तिरकी करून ऐकलं. काटा चढला, थरथरला आणि स्थिर झाला.

"जा आता," तो तिला म्हणाला. "उडून जाईल. मी आहे इथं."

रालित्सानं गळ्यातली किल्ली काढून त्याच्या गळ्यात घातली. उंबरठ्याबाहेर जाऊन हातमोजे ओढून काढले, दोऱ्यांनी भरलेली मनगटं मोकळी झाली.

"पोरी," प्रोदान म्हणाला, "त्या दिवशी मला नीट बोलता आलं नाही. आता तोंड जागेवर आहे, तर सांगतो. ती बाहुली माझी होती."

"नको, काका," ती दारातून म्हणाली. "त्या दिवशी 'माया ए' म्हणालात तेच बरोबर होतं."

ती धावत कुरणाकडे गेली. मी त्या जोडीला घेऊन मागून गेले आणि खोलीच्या खिडकीतून दिसेल अशा आलुबुखाराच्या फांदीला दोघांना बांधलं. वळून पाहिलं तर खिडकीत प्रोदान उभा होता. करकोच्याकडे त्याचं लक्षच नव्हतं. एक हात पाठीशी ठेवून तो काकूचा आवाज ऐकत होता.